तराजूची गंमत

‘माझा पाय दुखतोय’ हे वाक्य हेर्दिसच्या तोंडून आमच्या बेटावर कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. बाई सत्तरीला टेकली. डावा पाय उजव्यापेक्षा आखूड. चालताना कंबर अशी हेलकावते की लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई होडीत उभी आहे. कधीतरी जिना चढताना ओठ दाताखाली धरते, पण दुखतंय म्हणून सांगेल तर शपथ. तशी आमच्याकडे दुखणं सांगायची पद्धतच नाही म्हणा. कसं काय विचारलं तर ‘चाललंय’ म्हणायचं, मग घराचं छप्पर का उडालेलं असेना. पण हेर्दिसची गोष्ट निराळी. तिला हे आईनं लहानपणीच बजावलं होतं. “पायाचं कुणाला सांगत बसायचं नाही. लोक हसतात.”

आईचं नाव पेट्रा. बाप एडविन, मासेमारी करणारा, हिवाळाभर कॉड माशांच्या मागे उत्तरेला. आणि पाठोपाठ नव्हे, अगदी बरोबरीनं जन्मलेली जुळी बहीण, योरुन. तोच चेहरा, तेच केस, हसताना डाव्या गालावर पडणारी तीच खळी. योरुनचे पाय मात्र सरळ. हा फरक का, असं लहान हेर्दिसनं विचारलं की आई म्हणायची, “तुझा जन्मतःच तसा होता. त्या रागनाबाईला दिसला नाही. डोळे होते की बटणं, देव जाणे.”

ही रागनाबाई म्हणजे सिस्टर रागना. पन्नास-साठ सालच्या सुमारास महिन्यातून एकदा ती टपालाच्या बोटीनं बेटावर यायची, तान्ही मुलं तपासायला. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज फुटका. बरोबर एका लाकडी पेटीत तराजू. प्रार्थनाघरातली लोखंडी शेगडी पेटवून ठेवलेली असायची आणि सगळ्या आया आपापली पोरं लोकरीतून सोडवत भोवती बसायच्या. सिस्टर एकेक पोर घ्यायची. छाती ऐकायची, डोळ्यांपुढून बोट फिरवायची, गुडघे दुमडून पाय बेडकासारखे दोन्हीकडे उघडायची. यातलं बायकांना काही कळत नसे. कळायचं ते फक्त वजन. कारण वजन ती मोठ्यानं म्हणायची, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. तिच्या मनात काही नव्हतं हो, सवय होती तिची. पण ऐकणाऱ्या बायकांच्या मनात बरंच काही असायचं. पोर भरलं की आई भरली. पोर काटकुळं निघालं की घरी जाताना दोघीतिघी हळू आवाजात बोलायच्याच, ‘दूध नसेल तिला’, ‘घर बघितलंय का तिचं?’ त्यातही शेजारची बेरित! तिचं पोरगं आस्लाक म्हणजे लोण्याचा गोळा. त्याला तराजूत ठेवलं की ती मान ताठ करून अशी चहूकडे बघायची, जणू तिनं एकटीनं व्हेल मारून आणलाय.

तर या सिस्टरनं पेट्राच्या दोन्ही मुली महिन्याच्या महिन्याला तपासल्या आणि ‘उत्तम आहेत’ म्हणाली. सगळ्या बेटानं ऐकलं. पुढे योरुन चालायला लागली, पळायला लागली. हेर्दिस उठेचना. उठली तेव्हा डुलत उठली. बोटीतून पलीकडे मोठ्या गावातल्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाला, खुब्याचं हाड पहिल्यापासून जागेवर नाही. तान्हेपणी कळलं असतं तर काही महिने मांड्यांमध्ये जाड उशी बांधली असती की झालं होतं काम. आता उशीर झालाय. “तपासलं नव्हतं का कुणी?”

“तपासलं ना!” पेट्रा म्हणाली. “सिस्टर रागनानं दर महिन्याला तपासलं.”

पोरीला ठेवून घेतलं. कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. भेटायला जायचं नाही असा तिथला नियम होता, म्हणे पोरं रडतात. वर्षभरानं घरी आणली तेव्हा हेर्दिस इस्पितळातल्या एका नर्सला आई म्हणत होती, आणि पेट्रानं उचलल्यावर किंचाळली. पाय काही सुधारला नाही. शस्त्रक्रिया झाल्या, पुन्हा प्लास्टर झालं. तो आखूड राहिला तो राहिलाच.

आणि सिस्टर रागना? तिचं काय होणार? ‘पाय उघडून बघते आणि दिसत नाही!’ बेरितनं घराघरांतून तोफ डागली. प्रार्थनाघर ओस पडायला लागलं. सिस्टर यायची, शेगडी पेटवायची, तराजू मांडून बसायची आणि बोटीची वेळ झाली की तराजू पेटीत घालून निघायची. धक्क्यावर तिला कुणी नमस्कार करीना. पुढच्या वसंतात ती आलीच नाही. तिच्या जागी दुसरं कुणी पाठवायला सरकारला बरीच वर्षं लागली, आणि तोवर आमच्या बेटावरची पोरं देवाच्या भरवशावर वाढली. बेरितच्या आस्लाकचा एक डोळा तिरळा होता. चांगल्या डोळ्यावर काही दिवस पट्टी बांधायची, एवढंच काम. पण बघायला होतं कोण? तो डोळा गेलाच. पुढे त्याला जहाजावर कप्तानाचा परवाना मिळेना, जन्मभर दुसऱ्यांच्या बोटींवर जाळी ओढली त्यानं. बेरित म्हणायची, त्या रागनाचा तळतळाट लागलाय आम्हाला.

हेर्दिस मोठी झाली. हुशार होती, आवाज गोड होता. तिला टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी लागली. दिवसभर कानाला यंत्र लावून बसायचं आणि या घरचं त्या घरी जोडून द्यायचं. बसून करायचं काम, म्हणून दिलं हो तिला, पण ती होती त्यात राणी. आजूबाजूच्या बेटांवरही लोक म्हणायचे, ‘हेर्दिसला विचार, तिला ठाऊक असेल.’ बोटीवर इंजिनाचं काम करणारा हाल्दोर नावाचा एक उमदा पोरगा होता. तो काहीबाही निमित्त काढून फोन करायचा. हवामान काय म्हणतंय, दुकान उघडं आहे का, बर्फ पडतोय का तिकडे?

“खिडकी नाही का रे तुझ्या बोटीला?” हेर्दिस म्हणायची.

“आहे, पण खिडकी बोलत नाही ना.”

असं वर्षभर चाललं. मग एक दिवस हाल्दोर चक्क एक्सचेंजमध्ये आला, हातात टोपी आणि खोबरं पेरलेला केक. हेर्दिस खुर्चीत बसलेली होती. तासभर बसून दोघं बोलली. हसली. तिला वाटलं, झालं, आपलंही झालं आता. मग कॉफी आणायला म्हणून ती उठली.

एवढंच. काही बोलला नाही हो तो, चांगल्या घरचा होता. केक खाल्ला, आभार मानले, गेला. आणि जूनमधल्या शेकोटीच्या नाचाला त्याला योरुन दिसली. तोच चेहरा, तोच आवाज, तीच खळी. नाचायला पाय तेवढे जास्तीचे. दुसऱ्या उन्हाळ्यात लग्न झालं. हेर्दिसनं लग्नात कॉफी वाढली, उभ्यानं, सगळ्या पंगतीला. मला विचाराल तर त्या हाल्दोरला कान धरून समुद्रात बुडवायला हवं होतं. पण तिनं त्याला दोष दिला नाही. तिच्याजवळ दोष द्यायला एक माणूस होतं आधीच.

त्या माणसाशी तिची एकदा गाठही पडली. एक्सचेंज बंद होऊन सगळे फोन आपोआप जोडले जायला लागले होते, हेर्दिस घरी बसून बापाचं दुखणं काढत होती. औषधं आणायला ती पलीकडच्या गावी गेली. धक्क्यावर एक पांढऱ्या केसांची उंच म्हातारी तिच्या चालीकडे बघत उभी होती. मग पुढे आली.

“तू पेट्राची ना? हेर्दिस?” आवाज तसाच फुटका. “मी रागना. बाळा, मी तुझे पाय बघितले होते गं. एकदा नाही, दर वेळी. अगदी मोकळे उघडायचे दोन्हीकडे. इतकी वर्षं झाली, मी अजून रात्री आठवून बघते. माझं कुठे चुकलं ते मला कळतच नाही.”

“तुमचं चुकलं, ते हे इथे आहे,” हेर्दिस म्हणाली, आणि स्वतःच्या मांडीवर थाप मारली. “बघा. आता तरी दिसतंय का?”

म्हातारी मान खाली घालून बाजूला झाली आणि वाट दिली. हेर्दिस तिथून मुद्दाम ताठ चालत गेली, तिला जमेल तेवढी ताठ. घरी येऊन आईला सांगितलं, तर पेट्रा विणता विणता म्हणाली, “बरं केलंस.” त्याच हिवाळ्यात सिस्टर रागना वारली. दफनाला बेटावरून कुणी गेलं नाही.

बाप गेला. मग आईचं सुरू झालं. योरुनला तिचा संसार, मुलं, नातवंडं. हेर्दिसला काय, ती एकटी. असं कुणी तोंडानं म्हणालं नाही, पण ठरलं. तीच आईचं खाणंपिणं, आंघोळ, पायमोजे, सगळं बघायची. पेट्रानं नव्वदी ओलांडली, गुडघे गेले, चाकाची खुर्ची आली, जीभ मात्र पहिल्यासारखीच चुरचुरीत. अन् खुब्याचं हाड बदलून झालेली हेर्दिस ती खुर्ची चढावरून ढकलायची.

तर या मे महिन्यातली गोष्ट. रविवार होता. योरुनची नात तूवा आपल्या तान्हीला, इल्वाला, घेऊन आली. टेबलावर वाफल, मुरंबा, तपकिरी चीज. पोरीच्या दोन्ही मांड्यांमध्ये पट्ट्यांनी बांधलेली एक जाड उशी होती, आणि त्या उशीवर ती राजासारखी पाय फाकवून पडली होती.

“हे काय गं?” योरुननं विचारलं.

“काही नाही आजी. सिस्टर म्हणाली, खुबा किंचित सैल आहे. आपल्या घराण्यात आहे ना, मावशीआजीचं मी सांगितलं होतं, म्हणून तिनं नीट बघितलं.” तूवानं हेर्दिसकडे बघून डोळे मिचकावले. “उन्हाळा संपेपर्यंत ठेवायची. मग बघ कशी पळते ती!”

“या सिस्टरांचं काही सांगू नकोस मला,” पेट्रा खुर्चीतून म्हणाली. म्हातारीला लोक जमले की रंग चढतो. “आमच्या सिस्टरला मी असं बनवलं होतं, असं बनवलं होतं, की ज्याचं नाव ते!”

“म्हणजे काय केलंस पणजी?”

“अगं, ही हेर्दिस म्हणजे नुसती काडी. पिळून टाकलेलं फडकं. आणि योरुन बघावी तर गुबगुबीत. तिकडे बेरित नाक वर करून बसलेली. त्या तराजूत ही काडी ठेवू कशी मी? मग मी काय केलं, योरुनला निळं टोपडं घालून नेलं. ‘सिस्टर, दुसरी निजलीय घरी, मागाहून आणते.’ वजन झालं. घरी आले. टोपडं बदलून लाल घातलं, वर बाटलीभर दूध पाजलं, म्हणजे वजन अगदी तेच यायला नको! आणि तीच पुन्हा नेली. ‘घ्या सिस्टर, ही आता हेर्दिस!’”

“दर महिन्याला?”

“दर महिन्याला! एकदा तर या योरुननं सिस्टरच्या अंगावर धार सोडली, दोन्ही वेळा! सिस्टर म्हणते कशी, ‘जुळ्यांच्या सवयीसुद्धा जुळ्याच हो पेट्राबाई!’”

टेबल हसून हसून लोळलं. तूवाच्या डोळ्यांत पाणी आलं. योरुन म्हणाली, “आई ही गंमत काय रंगवून सांगते, कितीदा ऐकली तरी हसू येतं.” आणि हेर्दिसही हसली. खरं सांगायचं तर सगळ्यांच्या आधी तीच हसली.

मग तिचं हसू थांबलं. बाकीचे हसतच होते. तिनं समोर बघितलं तर इल्वा उशीवर पडून हवेत मुठी नाचवत होती. हेर्दिसनं हातातला कप खाली ठेवला.

“किती दिवस म्हणालीस ही उशी?”

“सांगितलं ना मावशीआजी, उन्हाळा संपेपर्यंत.”

“एवढंच?”

“एवढंच.”

पाहुणे गेले. हेर्दिसनं भांडी धुतली, मग आईला पलंगावर बसवून तिचे पायमोजे काढायला घेतले. खाली वाकता येत नाही तिला, म्हणून ती एका ठेंगण्या स्टुलावर बसते आणि आईचे पाय मांडीवर घेते. रोजचं आहे.

“आई, म्हणजे तिनं मला कधी बघितलंच नव्हतं.”

“कुणी?”

“सिस्टर रागनानं.”

पेट्रानं जांभई दिली. “तुला घेऊन गेली असती ती. सेल्माचं पोर नेलं होतं ना पलीकडे, वजन भरत नाही म्हणून? शवपेटीतून परत आलं. तू त्याच्याहून बारीक होतीस.”

“मला शेवटी नेलंच की. वर्षभर.”

“ते पायासाठी.”

“आणि डॉक्टरनं विचारलं तेव्हा? तेव्हा का नाही सांगितलंस?”

“काय सांगू? की एकच पोर दोनदा दाखवलं?” म्हातारीचा आवाज चढला. “मला इथे राहायचं होतं गं! तोंड दाखवायचं होतं रोज, दुकानात, प्रार्थनाघरात. तिचं काय, सरकारी बाई. आज इथे, उद्या तिथे.”

“ती मेली आई. आपलं कुठे चुकलं ते शोधत मेली. आणि मी तिला भर धक्क्यावर...” हेर्दिसनं बाहीनं डोळे पुसले.

“आता रडून काय होणार? चिडलीस का माझ्यावर? म्हातारीवर काय चिडायचं. तो मोजा नीट ठेव, आणि पाठीमागची उशी वर घे जरा.”

हेर्दिसनं उशी वर घेतली. सवयीचे हात, ते आपोआप चालतात.

दुसऱ्या दिवशी तिनं योरुनला फोन लावला. “तुला ही गंमत केव्हापासून माहीत आहे?”

“लग्नाआधीपासून असेल. का गं? मला वाटलं, तुलाही सांगितली असेल.”

“आणि माझ्या पायाचं तुझ्या डोक्यात आलं नाही कधी? गंमत ऐकताना?”

योरुन मग म्हणाली, “खरंच नाही आलं गं.” आणि ती खोटं बोलत नव्हती, हेच हेर्दिसला जास्त लागलं. आपले पाय सरळ असले की माणसाला पायांची आठवण राहत नाही.

गुरुवारी प्रार्थनाघरात म्हाताऱ्यांची कॉफी असते. तेच प्रार्थनाघर, शेगडीच्या जागी आता विजेचा हीटर. बेरित येते, एका डोळ्याचा आस्लाक तिला हाताला धरून आणतो. त्या काळच्या आणखी चौघीजणी अजून टिकून आहेत, त्या येतात. योरुन केक आणते. आणि कॉफी वाढते हेर्दिस. जड किटली घेऊन, टेबलाभोवती डुलत, प्रत्येकाच्या कपात. वर्षानुवर्षं तीच वाढतेय. दुसऱ्या कुणी वाढावी हे कुणाच्या मनातही आलेलं नाही.

त्या गुरुवारी किटली हातात धरून ती आईच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि मोकळ्या आवाजात म्हणाली, “आई, ती तराजूची गंमत सांग ना. रविवारची. सगळ्यांना ऐकू दे.”

पेट्राला तेवढंच हवं होतं. तिनं सुरुवात केली. काडी, गुबगुबीत, निळं टोपडं. बेरितकडे बोट दाखवून ‘ही नाक वर करून बसलेली’ म्हणाली तेव्हा दोघीतिघी हसल्याही. मग लाल टोपडं आलं. बाटलीभर दूध आलं. ‘घ्या सिस्टर, ही आता हेर्दिस’ आलं. तिथे हसू बंद पडलं. धारेचा किस्सा पेट्रानं पुऱ्या शांततेत सांगितला, एकटीच हसली, आणि मग सगळ्यांच्या तोंडांकडे बघायला लागली.

“काय झालं? हसा की गं! सगळ्या मेल्यासारख्या काय बसलात?”

बेरितचा चेहरा मातीसारखा झाला होता. ती आपल्या मुलाकडे बघत होती. आस्लाक मान खाली घालून चमच्यानं केकचा चुरा गोळा करत होता. बेरितनं त्या काळी घराघरांत जाऊन काय काय सांगितलं होतं, ते तिथल्या प्रत्येकीला पाठ होतं. तिला स्वतःलाही होतं. हेर्दिस वाट बघत होती. कुणीतरी एकदा नाव घ्यावं, एवढंच तिला हवं होतं. कुणीतरी म्हणावं, ‘बिचारी रागना.’ एकीनं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

बेरितनं घसा साफ केला. “फार जुनी गोष्ट झाली ती,” ती म्हणाली. “आता काय त्याचं.” मग हातातला कप पुढे केला. “कॉफी आहे का गं हेर्दिस?”

आणि जीव भांड्यात पडल्यासारखे सगळ्यांचे कप पुढे आले. एकीनं केकची तारीफ केली, दुसरीनं हवेची. झालंच म्हणायचं. आमच्या बेटावर गोष्टी अशाच मिटवतात.

हेर्दिसनं टेबलाच्या मधोमध किटली ठेवली. खुर्ची ओढली आणि बसली. त्या प्रार्थनाघरात, सगळ्यांबरोबर, कॉफी वाढून होण्याआधी बसण्याची ती तिची पहिलीच वेळ असावी.

“ज्यांना हवी त्यांनी उठून घ्या,” ती म्हणाली. “माझा पाय दुखतोय.”

कप हवेतच राहिले. कुणी कुणाकडे बघेना. पेट्रा म्हणाली, “हेर्दिस, लोकांदेखत काय हे!” हेर्दिसनं तिच्याकडे मान वळवली नाही.

शेवटी योरुन उठली. तिनं किटली उचलली, आणि बेरितपासून सुरुवात करून टेबलाभोवती एकेकीच्या कपात ती कॉफी ओतत निघाली, भरभर, एक थेंबही न सांडता. ती पूर्ण फेरी मारून येईपर्यंत हेर्दिस तिच्या पायांकडे बघत होती.